लाइट आल्यावर पिन काय करते?

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचे प्रकल्प मांडले जातात, तेव्हा एका टेबलावर ‘स्वयंचलित ठिबक सिंचन’ हमखास असते. एक रास्पबेरी पाय किंवा ईएसपी३२, रंगीत तारांचा गुंता, निळ्या रिलेची पट्टी, कुंडीत खोचलेला ओलावा मोजणारा काटा आणि बादलीत बुडवलेला इवलासा पंप. माती सुकली की पंप सुरू, भिजली की बंद. परीक्षक मान डोलावतात. बांभोरी, शिरपूर, देवपूर, कुठेही हे दृश्य फारसे बदलत नाही. हीच जोडणी रावेर किंवा यावलच्या केळीच्या बागेत पाच अश्वशक्तीच्या मोटारीला लावायची म्हटली, की मात्र बहुतेक जण थबकतात, आणि त्यांचे थबकणे रास्त आहे.

संगणकाची एक पिन ० वरून १ वर नेणे ही तशी सगळ्यात सोपी गोष्ट. तरी ती कशी न्यावी, कुणी न्यावी आणि ती नेणारा प्रोग्रॅम मध्येच मेला तर काय व्हावे, याबद्दल गेली दहा-बारा वर्षे जाणकारांत मतभेद आहेत. जगभरचा वाद बराचसा वेगाबद्दल आणि सॉफ्टवेअरच्या शिस्तीबद्दल झाला. खानदेशात तो विजेच्या वेळापत्रकाला येऊन भिडतो. दोन्ही बाजू एकत्र ठेवून पाहण्याचा हा प्रयत्न.

पायच्या आधी

पाय येण्याआधीही संगणकाच्या पिनांशी खेळ चालतच होता. नव्वदच्या दशकात प्रिंटरच्या पोर्टाच्या आठ डेटा-तारांवर दिवे लावणे हा प्रयोगशाळेतला नेहमीचा उद्योग होता. वर्गात शिकवला जाई तो इंटेलने १९८० साली आणलेला ८०५१. चार पोर्ट, बत्तीस पिना. तो अजून अभ्यासक्रमातून पुरता गेलेला नाही, आणि त्याची एक खोड जुने प्राध्यापक आवर्जून सांगतात. रीसेट झाला की त्याच्या सगळ्या पोर्टांच्या पिना १ वर जातात. म्हणून ‘१ दिला की रिले चालू’ अशी जोडणी केली, तर वीज येताक्षणी प्रोग्रॅमची पहिली ओळ चालायच्या आतच रिले ओढला जाण्याचा धोका असतो. तो टाळायला ‘० दिला की चालू’ अशी उलटी जोडणी करण्याचा रिवाज पडला. चिपची रीत आता बदलली, पण बाजारात मिळणाऱ्या रिलेच्या पट्ट्या अजून बहुधा ‘० ला चालू’ अशाच असतात. याचा परिणाम पुढे दिसेलच.

२००५ मध्ये इटलीतल्या इव्रेयात आर्दुइनो जन्मला आणि पिन चालवायला चिपचे रजिस्टर पाठ असण्याची गरज उरली नाही. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय आला, तोही पस्तीस डॉलरच्या किमतीत. हा पूर्ण लिनक्स चालवणारा संगणक होता आणि त्याच्या कडेला २६ पिनांची उघडी रांग होती. २०१४ च्या बी-प्लस मॉडेलपासून ती ४० पिनांची झाली. मांडणी आजही तीच आहे.

पिनेला हाक कशी मारायची

पहिला वाद वरकरणी किरकोळ आहे. रांगेतली अकरावी पिन चिपच्या हिशेबाने जीपीआयओ (सर्वसाधारण वापराची इनपुट-आउटपुट पिन) १७ असते, आणि वायरिंगपाय नावाच्या जुन्या लायब्ररीत तीच ० क्रमांकाची. म्हणजे एकाच पिनेला तीन नावे.

एका पक्षाचे म्हणणे असे की रांगेतला क्रमांक वापरावा. तो बोट ठेवून मोजता येतो, आणि चिप बदलली तरी बदलत नाही. हा मुद्दा पोकळ नाही. पायच्या पहिल्या आवृत्तीत तेराव्या जागी जीपीआयओ २१ होता, दुसऱ्या आवृत्तीत त्याच जागी २७ आला. चिपचा क्रमांक लिहिलेले प्रोग्रॅम त्या वेळी मुकाट्याने बिघडले. दुसऱ्या पक्षाच्या मते चिपचा क्रमांकच खरा, कारण डेटाशीट, कर्नल आणि बाकीचे सगळे दस्तऐवज त्याच क्रमांकाने बोलतात. व्यवहारात हा पक्ष जिंकला. २०१५ मध्ये आलेली आणि आता शिकवायला सर्वाधिक सुचवली जाणारी जीपीआयओ-झीरो लायब्ररी चिपचाच क्रमांक गृहीत धरते. पण प्रयोगवहीत अजून दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात, आणि चुकून ५ व्होल्टच्या पिनेला तार लागून बोर्ड जळण्याचे प्रकार त्यातूनच होतात. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्ट त्यांना सोसत नाहीत.

लिनक्समधून पिनेपर्यंतचे तीन रस्ते

खरी वादावादी इथे आहे.

पहिला रस्ता थेट. चिपचे रजिस्टर मेमरीत उघडायचे आणि त्यात लिहायचे. वायरिंगपाय, आरपीआय-जीपीआयओ, पिगपीओ या सगळ्या लायब्रऱ्या याच वाटेने गेल्या. या वाटेला वेग आहे, कर्नलची मध्यस्थी नाही. बेन क्रॉस्टन यांची आरपीआय-जीपीआयओ तर इतकी रुळली की पायच्या पिना म्हणजे तीच, असा पिढीभराच्या विद्यार्थ्यांचा समज झाला. या रस्त्यावर आक्षेप असा की कर्नलला काही पत्ता नसताना दोन प्रोग्रॅम एकच पिन ओढू शकतात, आणि चिप बदलली की सगळे कोसळते. २०२३ च्या ऑक्टोबरात पाय ५ आला तेव्हा नेमके हेच झाले. त्यात पिना मुख्य प्रोसेसरवरून काढून आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपवर नेल्या आहेत. जुन्या रजिस्टरांचा पत्ताच उरला नाही. आरपीआय-जीपीआयओ आणि पिगपीओ त्यावर चालेनात, आणि छापील प्रयोगपुस्तिका एका रात्रीत जुन्या झाल्या.

दुसरा रस्ता सिसएफएसचा. पिन म्हणजे एक फाइल, तिच्यात ० किंवा १ लिहा, झाले. कोणत्याही भाषेतून, अगदी शेलच्या एका ओळीतून पिन हलते. शिकवणाऱ्यांना हा फार आवडे. पण कर्नलच्या विकसकांनी तो कालबाह्य ठरवला आहे. क्रमांक सगळ्या यंत्रणेसाठी सरसकट दिलेले, त्यामुळे ते सरकतात. कर्नल ६.६ वर पायच्या पिनांची मोजणी ५१२ पासून सुरू झाली. १७ व्या पिनेसाठी ५२९ लिहावे लागते हे कळेपर्यंत अनेकांनी बोर्ड खराब समजून बाजूला ठेवला असेल.

तिसरा रस्ता कर्नलचा आजचा अधिकृत. २०१६ मध्ये कर्नल ४.८ मध्ये कॅरॅक्टर डिव्हाइस आले आणि त्यावर लिबजीपीआयओडी ही लायब्ररी उभी राहिली. इथे प्रोग्रॅम पिन मागून घेतो, तोवर ती दुसऱ्याला मिळत नाही. कुणाच्या हाती आहे हे कर्नलला ठाऊक असते. शिस्त चांगली आहे. पण याच शिस्तीतून एक तक्रार निघते आणि तिच्यात तथ्य आहे. प्रोग्रॅम संपला की पिन परत जाते, आणि परत गेल्यावर ती कोणत्या स्थितीत राहील याची हमी लायब्ररी देत नाही. सिसएफएसमध्ये १ लिहून बाहेर पडलात तर पिन १ वर राहत असे. विकसकांचे उत्तर असे की मालक नसलेल्या पिनेवर विसंबणे हीच मूळ चूक आहे, काहीतरी चालू ठेवायचे असेल तर ते चालू ठेवणारा प्रोग्रॅमही जिवंत हवा. २०२४ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत त्यांनी पिना धरून ठेवणारी एक पार्श्वसेवा जोडली. तक्रारीत अर्थ होता, हे त्यांनी कृतीने मान्य केले असे माझे मत.

सध्याची स्थिती अशी की नवे काम तिसऱ्या रस्त्याने करावे यावर फारसा वाद नाही. आरपीआय-जीपीआयओच्या आज्ञा जशाच्या तशा ठेवून खालून नवा रस्ता वापरणारी आरपीआय-एलजीपीआयओ ही पर्यायी लायब्ररी आहे, म्हणून जुने प्रकल्पही तगतात. महाविद्यालयांतल्या जुन्या पाय ३ आणि ४ वर जुने चालतेच आहे, त्यामुळे बदलाची घाई कुणाला नाही.

संगणक हवा की नियंत्रक

काही जण मुळातच विचारतात की पिन हलवायला लिनक्स हवेच कशाला? लिनक्स एका वेळी शेकडो कामे सांभाळते, अमुक मायक्रोसेकंदाला पिन हलेलच असे वचन ते देत नाही. डीएचटी२२ सारख्या तापमान-आर्द्रतेच्या सेन्सरचे वाचन पायवर अधूनमधून फसते ते यामुळेच. शिवाय पायला अ‍ॅनालॉग वाचता येत नाही. ओलाव्याचा काटा जोडायचा तर एमसीपी३००८ सारखी चिप मध्ये घालावी लागते. ईएसपी३२ या नियंत्रकात ती सोय आत आहे, वाय-फाय आहे, आणि किंमत पायच्या काही अंशांत. २०२१ मध्ये रास्पबेरीनेच चार डॉलरचा पिको काढला, तेव्हा हा पक्ष म्हणाला की खुद्द पायवाल्यांनीही आमचे मान्य केले.

पायच्या बाजूने बोलणारे सांगतात की शेतातले काम सेकंदांचे आणि मिनिटांचे असते, मायक्रोसेकंदांचे नाही. ठिबकचा व्हॉल्व्ह अर्धा सेकंद उशिरा उघडला म्हणून केळी रुसत नाहीत. कॅमेरा, नोंदवही, हवामानाचा अंदाज, मोबाइलवरचा फलक हे सगळे एका ठिकाणी हवे तर पूर्ण संगणकच बरा. २०२४ मध्ये लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये, ६.१२ आवृत्तीत, रिअल-टाइमची सोय समाविष्ट झाल्याने वेळेचा आक्षेपही थोडा बोथट झाला आहे.

खानदेशापुरते बोलायचे तर माझा कौल विभागणीकडे आहे: पिना नियंत्रकाकडे, हिशेब संगणकाकडे. यामागचे कारण मायक्रोसेकंदांहून बरेच साधे आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या पेटीत त्याहून वर, आणि ८० अंशांच्या आसपास पायचा प्रोसेसर आपणहून मंदावतो. त्यात वीज कधीही जाते. लिहिता लिहिता वीज गेली की मेमरी कार्डवरची फाइल-व्यवस्था बिघडू शकते. कार्ड फक्त-वाचनीय करण्याचा उपाय आहे, तो केला जातोच असे नाही. नियंत्रकाला कार्ड नसते, तो वीज आल्यावर क्षणात कामाला लागतो. पायला बूट व्हायला वेळ लागतो, आणि त्या वेळेत पिना कुणाच्याच हुकुमात नसतात.

रिलेपासून स्टार्टरपर्यंत

एकदा जवळून पाहण्यासारखी वस्तू म्हणजे ती निळी रिले-पट्टी. पाचशे-हजारांच्या किटमध्ये ती असतेच. पायला वीज दिल्यावर जीपीआयओ ० ते ८ आतल्या रोधामुळे वर ओढलेल्या असतात, ९ ते २७ खाली. सगळ्या इनपुट असतात, म्हणून रिले गप्प असतो. मग प्रोग्रॅम सुरू होतो आणि पिन आउटपुट करतो. आउटपुट होताना, वेगळे सांगितले नसेल तर, तिचे पहिले मूल्य ०. पट्टी ‘० ला चालू’ या जातीची. टक्! रिले ओढला जातो, पुढच्या ओळीत १ लिहिला की सुटतो. टेबलावर हा आवाज कुणी मनावर घेत नाही. स्टार्टरवर मात्र तेवढा टक् म्हणजे हिरवे बटण दाबणे.

उपाय ठाऊक आहेत. आउटपुट करतानाच पहिले मूल्य १ द्यायचे. पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये पिनेची बूटच्या वेळची स्थिती लिहून ठेवायची. त्याहून खात्रीचा म्हणजे पिनेवर बाहेरून दहा किलोओहमचा रोध लावायचा, त्याला ना सॉफ्टवेअर लागते ना बूट. पट्टीवरचा जेडी-व्हीसीसीचा जंपर काढून कॉइलचे ५ व्होल्ट आणि पिनेकडचे ३.३ व्होल्ट वेगळे करायचे. नाहीतर पिन १ वर असूनही काही पट्ट्या पुरत्या बंद होत नाहीत.

पुढची अडचण वायरमनला आधी दिसते, विद्यार्थ्याला उशिरा. निळ्या रिलेवर १० अँपिअर, २५० व्होल्ट छापलेले असते. विहिरीवरच्या थ्री-फेज स्टार्टरची कॉइल पुष्कळदा दोन फेजांमध्ये, म्हणजे ४१५ व्होल्टवर असते. तिथे हा रिले थेट लावणे धोक्याचे. मध्ये योग्य दाबाचा दुसरा रिले किंवा छोटा कॉन्टॅक्टर हवा. हिरव्या बटणाला समांतर क्षणभराचा स्पर्श आणि लाल बटणाच्या ओळीत तोडणारा संपर्क, अशी जोडणी केली की स्टार्टरचे मूळ संरक्षण शाबूत राहते. सिंगल-फेज प्रिव्हेंटर तसाच राहू द्यावा, त्याला वळसा घालू नये.

व्हॉल्व्हमध्येही तोच प्रश्न आहे. २४ व्होल्ट एसीचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह वीज गेली की आपोआप मिटतो. बॅटरीवर चालणारा लॅचिंग व्हॉल्व्ह एका झटक्याने उघडतो आणि उलट झटका मिळेपर्यंत तसाच उघडा राहतो. पहिल्याला वीज सतत लागते. दुसरा वीज वाचवतो, पण नियंत्रक मेला तर पाणी वाहतच राहते. ठिबकचे माहेर म्हणावे अशा जळगावात, जिथे भवरलाल जैन यांच्या जैन इरिगेशनने १९८० च्या दशकाच्या अखेरीस या तंत्राचा प्रसार सुरू केला, दोन्ही जाती माहीत असलेले लोक गावोगाव भेटतात. त्यांची मतेही दोन आहेत.

ऑटोस्विचचा वाद

शेतीपंपांना महावितरणची थ्री-फेज वीज आलटून-पालटून मिळत आली आहे: काही दिवस दिवसा आठ तास, मग काही दिवस रात्री. ‘लाइट उनी का भो?’ हा प्रश्न अहिराणी मुलखात रात्री दोनलाही विचारला जातो. सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्या, बांधावर साप, थंडीत दव. मोटार सुरू करायला कुणीतरी जायचेच. त्यामुळे वीज आली की आपोआप मोटार उठवणारा ऑटोस्विच घरोघर गेला. त्याच्या पुढची पायरी म्हणजे मोबाइलवरून चालणारे स्टार्टर. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचे नॅनो गणेश हे त्यातले पहिल्या फळीतले नाव.

महावितरण वर्षानुवर्षे सांगते आहे की ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा. या म्हणण्याला हिशेब आहे. पाच अश्वशक्तीची मोटार चालताना सुमारे साडेसात अँपिअर घेते, थेट सुरू होताना त्याच्या सहापट, म्हणजे पंचेचाळीसच्या घरात. १०० केव्हीएची डीपी, म्हणजे रोहित्र, पूर्ण भाराला साधारण १३३ अँपिअर देते. तीन मोटारी एका क्षणी उठल्या तरी तिची क्षमता त्या क्षणापुरती संपते. वीज येताच पंधरा मोटारी एकदम उठल्या तर दाब खचतो, फ्यूज उडतो किंवा डीपी जळते, आणि मग सगळ्यांचेच पाणी बंद.

शेतकऱ्यांची बाजूही तितकीच सरळ. रात्री वीज देणार तुम्ही, आणि अंधारात बटण दाबायला जायचे आम्ही? दिवसा वीज द्या, ऑटोस्विच आपोआप उतरतील.

या दोघांच्या मधली जागा पिनेची आहे. साध्या ऑटोस्विचला थांबणे कळत नाही, प्रोग्रॅम असलेल्या नियंत्रकाला कळते. वीज आल्यावर प्रत्येकाने शून्य ते दहा मिनिटांत कुठलाही एक आकडा काढून तेवढे थांबावे, आधी दाब मोजावा, तिन्ही फेज आहेत का पाहावे, मगच स्टार्टरला स्पर्श द्यावा. दहा ओळींचा प्रोग्रॅम. गंमत अशी की जुन्या स्टार्टरच्या रचनेत या प्रश्नाचे एक उत्तर आधीपासून होते. वीज गेली की त्याची कॉइल सुटते आणि वीज परतली तरी माणसाने दाबल्याशिवाय उठत नाही. ती रचना मुद्दाम केलेली आहे. ऑटोस्विचने नेमकी तीच मोडली.

न सुटलेले

पहिली अनुत्तरित गोष्ट जबाबदारीची. थांबून उठणाऱ्या नियंत्रकाचा फायदा डीपीवरच्या सगळ्यांनी लावला तरच आहे. बारा जण थांबले आणि तिघांकडे जुना ऑटोस्विच असला, तर आधी उठणारे तिघे बाजी मारतात. असे नियंत्रक महावितरणने प्रमाणित करावेत, की कंपन्यांनी, की गावाने डीपीपुरता आपापसांत ठराव करावा, यावर एकमत नाही.

दुसरी शिकवण्याची. नीती आयोगाने २०१६ पासून सुरू केलेल्या अटल टिंकरिंग लॅबमुळे सहावी-सातवीची मुलेही पिना हलवू लागली आहेत. एका गटाला वाटते की आधी दिवा लागू द्या, ० ला चालू आणि १ ला चालू हे फरक पुढे कळतील. दुसरा गट म्हणतो की बूटच्या वेळची स्थिती, अडकलेला प्रोग्रॅम पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग आणि रिलेचा दाब हे पहिल्याच आठवड्यात यावे, कारण बादलीतल्या पंपावर पडलेली सवय विहिरीवर जाते. मी दुसऱ्या गटात आहे, पण पहिल्या गटाची मुले प्रयोगात टिकतात हेही पाहिले आहे.

तिसरी गोष्ट आत्ताच आकाराला येते आहे. २०१७ ची सौर कृषी वाहिनी योजना, २०२३ मधला तिचा दुसरा टप्पा, २०१९ ची पीएम-कुसुम, २०२४ ची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’, या सगळ्यांनी दिवसाच्या विजेकडे वाट काढली आहे. वाहिनीवर दिवसा वीज मिळू लागली तरी ती परतते तेव्हा मोटारी एकदमच उठणार. ज्याच्या शेतात स्वतंत्र सौर पंप आला, त्याला डीपीही नाही आणि रात्रीची फेरीही नाही. पण त्याच्या पंपाचा नियंत्रक बंद पेटीत येतो. त्यातून पंपाची माहिती दूरवर पाठवण्याची सोय योजनेच्या निकषांतच आहे, आणि पाच वर्षांची हमीही. पेटी उघडून स्वतःची तार जोडली तर त्या हमीचे काय, असा प्रश्न उभा राहतो. ठिबकच्या वेळापत्रकाशी पंप जोडायचा तर चालू-बंदचे दोन स्क्रू तरी बाहेर द्यावेत, आणि पॅनेल किती वीज देते आहे हे शेतकऱ्याच्या स्वतःच्या यंत्राला वाचता यावे, अशी मागणी एका बाजूला. बाहेरच्या तारेने पंप बिघडला तर दुरुस्तीचा खर्च कुणाचा, असा पुरवठादारांचा सवाल दुसऱ्या बाजूला. योजनांच्या पुढच्या निविदांत या दोन स्क्रूंना जागा मिळते का, त्यावर बांभोरी-शिरपूरच्या टेबलांवरचे प्रकल्प शेतात जातील की नाही हे बरेचसे ठरेल.